गाडीतला खोटा दिवा



आजच्या भाषणाचा विषय कळल्यावर आपणांपैकी काहींना हसू येईल. मोटारगाडीच्या पुढच्या काचेवर पाणी उडविण्यासाठी एक प्लास्टिकची टाकी असते. त्या टाकीतले पाणी संपत आले, की काही गाड्यांत चालकासमोर एक पिवळा दिवा लागतो. तो दिवा लावणारी अंगठ्याएवढी एक वस्तू टाकीच्या अंगाला बसविलेली असते. ती बिघडली हे कसे ओळखावे आणि ती कशी बदलावी, एवढेच मी आज सांगणार आहे. गॅरेजात तिला ‘वॉशर लेव्हल सेन्सर’ म्हणतात. आपण नुसते सेन्सर म्हणू.

मी यंत्रज्ञ नव्हे. महाविद्यालयात इतिहास शिकविणारा एम. ए. आहे, पान्यांचे आकडे मला परवापरवापर्यंत कळत नव्हते. तरीही हा विषय मी मुद्दाम मागून घेतला, त्याला तसेच कारण घडले.

गेल्या हंगामातली गोष्ट. आमची गाडी पंधरा-सोळा वर्षांची, आमच्याकडे आली तीच तिसऱ्या हाताने. पावसाळ्यात केव्हातरी हा पिवळा दिवा लागला. टाकीत पाणी ओतले, दिवा तसाच. टाकी तोंडापर्यंत भरली, तरी तसाच. मग गाडी गॅरेजात नेली. तिथल्या कारागिराने बॉनेट उघडून आत डोकावल्यासारखे केले आणि तो म्हणाला, “सर, त्यो दिवा खोटा हाय. गाडीला काय झालेलं न्हाई. टेप लावा आन् इसरा.” एवढे बोलून त्याने काळ्या टेपचा नखाएवढा तुकडा कापला आणि दिव्यावर चिकटविलासुद्धा. पैसे घेतले नाहीत. मला माणूस फार आवडला.

त्याने सांगितल्याप्रमाणे मी विसरलो. दिव्याला विसरलो, आणि दिव्याबरोबर पाण्यालाही विसरलो.

डिसेंबरातल्या एका सकाळी मी कोल्हापूरहून सांगलीला निघालो होतो. ही वाट पूर्वेची. त्या वेळेला सूर्य अगदी डोळ्यांसमोर असतो. साखर कारखाने सुरू झालेले, त्यामुळे रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या यांची रांग लागलेली. ज्या रानाला नुकतेच पाणी दिलेले असते त्या रानातून ट्रॉली निघाली, की तिची चाके निम्मे रान सोबत घेऊनच डांबरी रस्त्यावर येतात, हे आपणांस मी सांगायला नको. हातकणंगल्याच्या पुढे अशाच एका ट्रॉलीच्या मागे मी होतो. काचेवर चिखलाचे शिंतोडे बसले. सवयीने मी दांडी ओढली. पंपाचा घर्र असा कोरडा आवाज आला. पाणी आले नाही. वायपर मात्र फिरले, कारण दांडी ओढली की ते आपोआप फिरतातच, आणि त्यांनी तो चिखल सबंध काचेवर शेणाने भुई सारवावी तसा सारवून दिला. त्यावर समोरून ऊन. काचेचा मातकट पडदा झाला.

मी वेग कमी केला, गाडी डावीकडे घेतली, आणि त्या पडद्याच्या एका फटीतून मला दिसले ते उसाच्या बैलगाडीचे मागचे टोक. दोन हातांवर. ब्रेक लागला, गाडी थांबली. बैलगाडीवाल्याला काही कळलेही नाही. तो आपल्या चालीने पुढे गेला. गाडीच्या मागच्या बाजूला, वाढ्यांच्या भाऱ्यावर, सात-आठ वर्षांची एक मुलगी बसली होती. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती.

प्यायच्या पाण्याची बाटली काचेवर रिकामी केली, हातरुमालाने काच पुसली आणि आत येऊन बसलो. टेपच्या कडेने पिवळा उजेड झिरपत होता. त्या दिवशी तो दिवा अगदी खरे बोलत होता. पण गेले चार महिने तो तेच बोलत असल्यामुळे त्याच्या खरे बोलण्याचा मला काहीच उपयोग झाला नव्हता. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण शिक्षक मंडळी वर्गात सांगतो आणि सगळा दोष त्या पोराला देतो. गावकऱ्यांनी त्याच्या तोंडाला टेप लावली, त्याचे काय?

असो. आता मूळ वस्तूकडे वळू.

काच पुसणारा वायपर ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात राहणाऱ्या मेरी अँडरसन या बाईंनी १९०३ साली त्याचे पेटंट मिळविले; त्यांचा वायपर आत बसून हाताने दांडी ओढून फिरवावा लागे. पावसात किंवा बर्फात त्याला लागणारे पाणी आभाळातूनच येते. कोरड्या दिवसांत मात्र पाणी आपण पुरवायचे असते, नाहीतर वायपर पुसण्याऐवजी सारवतो. आपल्याकडे आठ महिने कोरडेच असतात. म्हणून ही टाकी आपल्याला थंड देशांतल्या माणसांहून कमी लागते असे समजू नये.

सेन्सर टाकीच्या खालच्या अंगाला, एका भोकात रबरी ग्रोमेट घालून त्यात दाबून बसविलेला असतो. त्याचे आतले टोक पाण्यात असते; त्याला बिजागरीसारखा हलणारा एक छोटा फ्लोट असतो. घरावरच्या टाकीत नळ बंद करणारा चेंडू असतो ना, त्याचेच हे धाकटे भावंड. पाणी असले की फ्लोट वर उचलला जातो. पाणी उतरले की तो खाली लोंबतो. फ्लोटच्या पोटात एक लहानसे लोहचुंबक असते. आणि सेन्सरच्या दांड्यात, पाण्यापासून सुरक्षित, एक काचेची बारीक नळी असते. खरी गंमत या नळीत आहे.

नळी दोन्ही टोकांनी बंद असते. आत लोखंड आणि निकेल यांच्या मिश्रधातूची दोन चपटी, लवचीक पाती असतात. त्यांची टोके एकमेकांवर आलेली, पण मध्ये केसाएवढी फट ठेवलेली. जवळ चुंबक आले की दोन्ही पात्यांना तात्पुरते चुंबकत्व येते. समोरासमोरची टोके विरुद्ध ध्रुवांची होतात, एकमेकांना ओढतात आणि चिकटतात. वीज वाहू लागते. चुंबक दूर गेले की पाती आपल्या लवचीकपणाने पुन्हा सुटतात. ना बटण, ना बाहेरून हात. १९३६ साली अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी ही युक्ती शोधली. पुढे टेलिफोनच्या केंद्रांत ती फार वापरली गेली. तिला ‘रीड स्विच’ म्हणतात. रीड म्हणजे पाते. आपल्या बाजाच्या पेटीत सूर काढणारे जे पाते असते त्यालाही हाच शब्द आहे.

काही गाड्यांत फ्लोट नसतो. तिथे धातूच्या दोन काड्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या असतात आणि पाण्यातून वीज वाहते की नाही, एवढ्यावरून काम चालते. त्यांचा बिघाड बहुधा काड्यांवर चढलेल्या पुटाचा असतो. पूट घासून काढले की भागते. आपण फ्लोटवाल्या सेन्सरचेच बोलू.

दिवा लागला म्हणून सेन्सर विकत आणायला धावू नका. आधी टाकी पूर्ण भरा आणि गाडीची किल्ली फिरवून थोडे थांबा. किल्ली फिरविल्यावर पहिले काही क्षण सगळेच दिवे लागतात, ती त्यांची हजेरी असते. त्यावरून निर्णय करू नये. शिवाय वळणावर पाणी हिंदकळले की दिवा उगीच लागू नये म्हणून पुष्कळ गाड्यांत मुद्दाम थोडा उशीर ठेवलेला असतो. टाकीचे झाकण बहुधा निळे किंवा काळे असते आणि त्यावर काच व कारंजे यांचे चित्र असते. चित्र पाहूनच पाणी ओता. शेजारीच इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकी आणि ब्रेक ऑइलची कुपी असते. तिथे साबणाचे पाणी गेले, तर मी सांगतो आहे त्याच्या शंभरपट खर्चाची गोष्ट होईल.

टाकी भरूनही दिवा गेला नाही, तर तीन जणांवर संशय घ्यायचा: सेन्सर, त्याच्यापासून निघणारी वायर आणि खुद्द दिव्याची जोडणी. माझ्या गल्लीत एक निवृत्त मोटार मेस्त्री राहतात. लहानथोर सगळे त्यांना मेस्त्रीकाका म्हणतात. मी त्यांच्याकडे गेलो. म्हटले, “काका, नवा सेन्सर कुठं मिळंल?” ते म्हणाले, “सर, चोर कोण ते ठरायच्या आधीच फाशीचा दोर घ्यायला निघालासा व्हय?” आणि मग त्यांनी मला जी रीत सांगितली ती इतकी सोपी आहे, की तर्कशास्त्राच्या तासाला शिकवावी.

सेन्सरला दोन वायरींची एक जोडणी असते. ती काढा. किल्ली लावून दिवा पाहा. मग वायरीच्या बाजूच्या टोकातली दोन घरे तारेच्या लहान तुकड्याने क्षणभर जोडा. पुन्हा दिवा पाहा. या दोन्हींपैकी एका वेळी दिवा लागला आणि दुसऱ्या वेळी विझला, तर वायर शाबूत आहे, दिवाही शाबूत आहे. खोटे बोलणारा सेन्सरच. दिवा दोन्ही वेळा जसाच्या तसा राहिला, तर सेन्सर निर्दोष. निरोप पोहोचविणारी वायर किंवा दिव्याची जोडणी तपासावी. माझ्या गाडीत जोडणी काढताच थोड्या वेळाने दिवा विझला. तार लावल्यावर पुन्हा लागला. चोर सापडला.

इथे एक इशारा. त्याच टाकीला पाणी फेकणारा पंपही बसविलेला असतो आणि त्यालाही दोनच वायरी असतात. पंपाला रबरी नळी जोडलेली असते. सेन्सरला नळी नसते. ही खूण पक्की करूनच तार लावा. पंपाच्या वायरी जोडून कोणी दांडी ओढली तर फ्यूज उडेल.

आता एक गोष्ट मला फार विचार करण्यासारखी वाटली, ती सांगतो. सगळे सेन्सर एका जातीचे नसतात. काहींत पाणी उतरले की पाती जुळतात आणि दिवा लागतो. काहींत उलट: पाणी असेपर्यंत पाती जुळलेली, पाणी उतरले की सुटतात आणि त्यामुळे दिवा लागतो. काम एकच, मग फरक काय? समजा उंदराने वायर कुरतडली. तोड झालेल्या रानातले उंदीर आडोसा शोधत उभ्या गाड्यांत शिरतात, हा कित्येकांचा अनुभव आहे. पहिल्या जातीत वायर तुटली तर दिवा कधीच लागणार नाही. टाकी ठणठणीत असली तरी सगळे शांत. दुसऱ्या जातीत वायर तुटली तर दिवा लागूनच राहील. तुम्ही वैतागाल, पण शोध घ्याल. म्हणजे बिघाड झाल्यावर गप्प बसणारा एक, आणि बिघाड झाल्यावर ओरडणारा एक. माझ्या मते दुसरा बरा, मात्र एका अटीवर: त्याच्यावर टेप लावायची नाही. माझ्या गाडीतला होता पहिल्या जातीचा. पण त्याची पातीच चिकटून बसल्यामुळे तो ओरडत राहिला, हे माझे नशीब. आणि मी ते टेपखाली झाकले.

प्रत्यक्ष बदलण्याचे काम मी रविवारी सकाळी काढले. किल्ली काढून खिशात ठेवली. जुन्या गाड्यांत ही टाकी बहुतेक पुढच्या बंपरच्या कोपऱ्यात, चाकाच्या वरच्या प्लास्टिकच्या आवरणाआड असते. या आवरणाला लायनर म्हणतात. स्टिअरिंग त्या बाजूला पूर्ण वळविले की चाकामागे हात जाईल एवढी जागा होते, आणि पुष्कळदा गाडी उचलावी लागत नाही. उचलावीच लागली तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. सपाट जमीन, चाकांना दगड आणि गाडीखाली भक्कम स्टँड, एवढे हवेच. एक दिवा दुरुस्त करण्यासाठी जिवाची जोखीम घेण्याचे कारण नाही.

लायनर स्क्रू आणि प्लास्टिकच्या क्लिपांनी बसविलेला असतो. क्लिपेच्या मधली खुंटी आधी वर उचलायची, मग सबंध क्लिप काढायची. मला हे माहीत नव्हते. पहिल्या दोन क्लिपा मी पकडीने उपटल्या आणि त्या तुटल्या. पंधरा वर्षांचे प्लास्टिक ठिसूळ झालेले असते. तेव्हा चार-सहा क्लिपा आधीच आणून ठेवा, आणि उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोणता स्क्रू कोठला हे मागाहून आठवत नाही. मला तर सनावळ्या पाठ असूनही आठवले नाही.

सेन्सर दिसला की त्याची जोडणी खटका दाबून काढायची. खाली बादली ठेवायची, कारण सेन्सर निघताक्षणी टाकीतले पाणी त्या भोकातून सरळ बाहेर येते. सेन्सर हाताने धरून थोडा थोडा फिरवत सरळ ओढायचा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो, तो आवरा. टाकीचे प्लास्टिकही म्हातारेच असते, आणि भोकाची कड तडकली की सेन्सर राहील बाजूला, टाकीच बदलावी लागेल.

माझा सेन्सर बाहेर आला तेव्हा तो ओळखू येईना. फ्लोटवर शेवाळाचा बुळबुळीत थर आणि त्यावर चुन्यासारखे पांढरे कवच. फ्लोट जागच्या जागी जखडून गेला होता. लिंबाच्या रसात तासभर भिजवून जुन्या दातघासणीने साफ केला, तर तो छान हलू लागला. मला आनंद झाला. वाटले, काम फुकटात झाले. मेस्त्रीकाका म्हणाले, “मीटर लावून बघा.” मल्टिमीटर लावला. फ्लोट वर केला, खाली केला, काटा हलेना. पाती कायमची चिकटली होती. ही पाती थोड्याशा विजेसाठीच केलेली असतात. जास्त वीज गेली तर टोके वितळून एकमेकांना जोडली जातात. म्हणून सेन्सरची परीक्षा मीटरनेच करावी, हेडलाइटचा बल्ब जोडून करू नये. फ्लोट हलविल्यावर मीटर बदलत असेल, तर मात्र साफसफाईवरच काम भागते. नवा आणू नका.

नवा आणताना जुना खिशात घालून न्या. दांड्याची जाडी, वायरीच्या जोडणीचा आकार, फ्लोटची लांबी, आणि मघाशी सांगितलेली जात, हे सगळे जुळले पाहिजे. त्याबरोबर नवा ग्रोमेटही घ्या. जुने रबर कडक झालेले असते, आणि जुन्या रबरात नवा सेन्सर घातला की थेंब थेंब गळती सुरू होते. जुन्या गाड्यांचे भाग कंपनीच्या दुकानात मिळाले नाहीत, तर मोडीत काढलेल्या गाड्यांच्या बाजारात मिळतात; पण तिथे मीटर घेऊन जावे.

बसविताना ग्रोमेटला साध्या पाण्याचा किंवा साबणाच्या फेसाचा हात लावायचा. तेल किंवा ग्रीस लावू नये. काही रबरे त्याने फुगतात. सेन्सर सरळ दाबला की तो जागेवर बसल्याचे हाताला कळते. मी बसविला, लायनर लावला, सगळे स्क्रू आवळले, टाकी काठोकाठ भरली आणि घरातल्या मंडळींना कौतुक पाहायला बोलावले. किल्ली फिरवली. दिवा लागला तो लागलाच. माझी मुलगी शांतपणे म्हणाली, “बाबा, पहिला तरी फुकट खोटं बोलत होता.”

चूक काय झाली होती ते मेस्त्रीकाकांनी चहाचा कप खाली न ठेवता सांगितले. बिजागरीच्या फ्लोटला वर-खाली असते. सेन्सरच्या तोंडावर बाणाची खूण असते, ती वरच्या दिशेला राहायला हवी. मी तो अर्धा फेरा फिरवून, उलटा बसविला होता. उलट्या सेन्सरला भरली टाकी रिकामी वाटते आणि रिकामी टाकी भरलेली. म्हणजे तो बिघडलेला नव्हता. इमानाने, पण अगदी उलटे सांगत होता. पुन्हा क्लिपा, पुन्हा स्क्रू, पुन्हा बादली. तेव्हा माझ्याकडून एवढे शिका: लायनर लावण्यापूर्वी परीक्षा घ्या. आधी थोडेच पाणी घालून दिवा लागतो का पाहा, मग हळूहळू भरत जाऊन तो विझतो का पाहा, आणि भोकाच्या कडेला कोरडे बोट फिरवून गळती नाही याची खात्री करा. मगच झाका.

आता पाण्याविषयी, कारण सेन्सर मेला तो पाण्यामुळे. मी इतकी वर्षे टाकीत बोअरचे पाणी आणि कपडे धुण्याच्या पावडरीची चिमूट घालत होतो. आपल्याकडचे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. घरातल्या बादलीला जे पांढरे पूट चढते तेच फ्लोटला, पंपाच्या जाळीला आणि काचेपुढच्या बारीक तोटीला चढते. त्याऐवजी गाळलेले मऊ पाणी आणि त्यात दुकानात मिळणारे काच धुण्याचे द्रव डबीवर लिहिलेल्या प्रमाणात घालावे. नुसते स्वच्छ पाणी घातले तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. मीही म्हटले असते. पण २०१० साली इंग्लंड आणि वेल्समधील आरोग्य संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ‘लिजनेअर्स’ नावाचा न्यूमोनियाचा एक प्रकार आहे. साचलेल्या, कोमट पाण्यात वाढणारे जंतू तुषारांबरोबर श्वासात गेले की तो होतो. गाडीच्या टाकीत ते द्रव न घालता नुसते पाणी वापरणाऱ्यांत या रोगाचा धोका अधिक असल्याचे त्यांना आढळले. इंजिनाजवळची टाकी, महिनोन् महिने साचलेले पाणी आणि त्याचे काचेवर उडणारे तुषार, हे लक्षात घेतले तर यात नवल नाही. एरवी पाण्याची भांडी घासूनपुसून ठेवणारे आपण, या टाकीत मात्र कधी हात घालत नाही.

शाळांतल्या गुरुजनांसाठी आणखी थोडे. माझा मेलेला सेन्सर मी आमच्या गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना दिला. त्यांनी तो हलक्या हाताने फोडून मुलांना आतली काचेची नळी आणि फ्लोटमधले चुंबक दाखविले. चिकटलेली पाती भिंगातून दिसतात. मग बाजारातून एक चांगला रीड स्विच आणून, दोन सेल आणि विजेरीचा एक छोटा बल्ब जोडून, जुन्या स्पीकरमधले चुंबक जवळ नेले, दूर नेले. चुंबकत्व, विद्युतमंडल आणि तरंगण्याचा नियम असे तीन धडे एका बाकावर झाले. सातवीतल्या एका मुलाने विचारले, “बाई, शाळेच्या टाकीला हे लावलं तर पाणी वाया जाताना कळंल का?” कळेल. फ्लोट टाकीच्या वरच्या काठाजवळ बसवायचा आणि दिव्याऐवजी सेलवर चालणारी घंटी लावायची. एवढे मात्र बजावून सांगा, की हा स्विच सेलवरच्या विजेपुरता आहे. घरातली दोनशे तीस व्होल्टची वीज किंवा विहिरीवरची मोटर त्याला थेट जोडायची नाही. पाती तर चिकटतीलच, पण ओल्या टाकीशी ती वीज खेळविणे प्राणावर बेतेल. घंटी वाजली की कोणीतरी उठून मोटर बंद करावी.

आमच्या गाडीतला दिवा आता विझलेला असतो. गेल्या महिन्यात एकदा तो लागला. मी पुढच्या पेट्रोल पंपावर थांबून टाकी पाहिली, तर पाणी खरोखरच तळाला गेले होते. टेप मी सेन्सर बसविला त्याच दिवशी काढली. तिच्या चिकटीचा काळा डाग काचेवर राहिला होता. तो पाण्याने गेला नाही, साबणानेही गेला नाही, खोबरेल तेलाच्या बोळ्याने गेला.